अंगणातली रांगणी

सरांनी बोलावलं तेव्हा धाकटी एका वाळक्या शेंगेचं चित्र काढत होती. वनस्पती संग्रहालयात ती चित्रकार होती. बी, मूळ, पाकळी, जे समोर येईल ते भिंगाखाली बघायचं आणि जसं आहे तसं कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. सर तिथले मुख्य अभ्यासक. माणूस भला, पण बोलणं मोजकं. त्या दिवशी मात्र त्यांनी तिला खुर्चीवर बसूही दिलं नाही.

"हा फोटो तू पाठवलास ना? कुठला आहे?"

"ताईच्या अंगणातला. ती विचारत होती, कसलं झाड आहे म्हणून. भाऊजींनी लावलं होतं."

टेबलावर एक जुना, वाळवलेला नमुना पसरून ठेवला होता. तपकिरी पडलेली पानं, एक वाकडी फांदी आणि कोपऱ्यात चुरगळलेलं एकच फळ. सरांनी फोटो त्याच्या शेजारी धरला.

"पानाचं बूड बघ. एक बाजू वर, एक बाजू खाली. कोवळी फांदी चौकोनी, जुनी गोल. ही रांगणी आहे. जगात एकाच डोंगरावर होती, आणि तो उतार खाली आला तेव्हा सगळी गेली असं आपण धरून चाललो होतो."

बोलता बोलता ते थांबले. त्याच उतारावर धाकटीचे भाऊजी गेले होते, हे त्यांना उशिरा आठवलं. नव्या रस्त्याची मोजणी करायला गेलेली तुकडी दरडीखाली सापडली होती. बाकीचे मिळाले. भाऊजी मिळाले नाहीत. बरेच दिवस माती उपसून झाली, मग यंत्रं परत गेली. या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

"तुझ्या ताईची हरकत नसेल तर जाऊन चित्र काढ," सर हळू आवाजात म्हणाले. "पान, खोड, मूळ, सगळं. फूल कुणीच पाहिलेलं नाही. आणि तिला सांग, एक डहाळीसुद्धा तोडू नकोस म्हणावं."

ताईचं घर गावाच्या टोकाला होतं, जिथे डांबर संपून खडी सुरू होते तिथे. पुढे छोटं अंगण, अंगणाला कुंपणाची भिंत, आणि रस्त्यावर उघडणारं लोखंडी फाटक. ताई घरीच शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, कोटांची अस्तरं बदलणं, बाह्या आखूड करणं. धाकटी सामान घेऊन आली तेव्हा ताईच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिने नुसती मान हलवली आणि डोळ्यांनीच खिडकीकडे खूण केली.

रांगणी खिडकीच्या खाली उभी होती.

धाकटीला पहिल्यांदा वाटलं, आपलंच चुकतंय. भाऊजींनी ते रोप कुंपणाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ लावलं होतं. डोंगरावरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली वीतभर काडी. तिने स्वतः तिथे पाणी घातलं होतं. मधे ती आली होती तेव्हा ताई नुसती बसून असायची, अंगणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आता टाकीजवळ काहीच नव्हतं. होता तो एक पोकळ, राखी खुंट.

"ताई, हे तू इथे हलवलंस?"

ताईने टाचण्या काढून डबीत टाकल्या. "मी कशाला हलवू? ते आपलं आपण येतं."

धाकटी खाली बसून बघू लागली. झुडूप कमरेएवढं. साल राखेच्या रंगाची, पातळ कागदासारखी सुटत आलेली, आणि जिथे सुटली तिथे खालचं खोड तांब्यासारखं लालसर. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. वरून गडद हिरवी, जरा खरखरीत. पालथं केलं की मात्र खाली पांढरी, दाट, मऊ लव. बोट फिरवलं की लव एका बाजूला झोपायची आणि हळूहळू पुन्हा उभी राहायची. या लवेला वास नव्हता. पण बोटाला काहीतरी ऊबदार लागलं आणि धाकटीने हात मागे घेतला. ऊन पानावर नव्हतं, घराची सावली पडली होती.

सगळ्यात विचित्र होती ती फांद्यांची टोकं. काही फांद्या नेहमीसारख्या वर गेल्या होत्या. दोन-तीन मात्र लांबत जाऊन जमिनीकडे वळल्या होत्या. वळलेल्या फांदीची पानं गळून पडलेली. टोक फुगलेलं, फिकट, गुळगुळीत, थेट बोटाच्या पेरासारखं. एका टोकाने मातीत मुळं धरली होती आणि तिथून नवी पालवी फुटली होती. मागचं खोड वाळत चाललं होतं.

त्या संध्याकाळी तिने सरांना फोन केला.

"अगदी बरोबर," सर म्हणाले. त्यांचा आवाज एरवीपेक्षा चढा होता. "म्हणून तर तिला रांगणी म्हणायचे. फांदी वाकते, टेकते, मूळ धरते, मागचं मरतं. झाड पुढे सरकतं. पण डोंगरावर एका पावलाला वर्ष लागायचं म्हणतात. टाकीपासून खिडकीपर्यंत म्हणजे फारच झालं. मोकळी माती मिळाली असेल. मागे सुटलेल्या खुंटांचा नकाशा काढून आण, कुठून कसं गेलं ते कळू दे."

ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. "काय म्हणाले तुझे सर?"

"फारच वेगाने वाढलंय म्हणाले."

"तुझ्यापेक्षा वेगाने, एवढं नक्की. तुझं एक पान काढून होईतो माझे अख्ख्या शाळेचे गणवेश होतील."

ती हसली, म्हणून धाकटीही हसली. फार दिवसांनी ताई हसली होती. तब्येतही सुधारलेली दिसत होती. खात होती, काम करत होती, केसांना तेल लावून लांब वेणी घालत होती. धाकटीला बरं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नकाशाला हात घातला. अंगणभर खुंट शोधत फिरली. टाकीजवळचा पहिला. मग भिंतीच्या कडेकडेने एकामागून एक, थेट फाटकापर्यंत. फाटकाजवळ ते गोळा झाले होते, जणू झाड तिथे बराच काळ रेंगाळलं होतं. तिथून रांग अचानक वळली आणि घराच्या पायरीकडे आली. पायरीशी पुन्हा गोळा. मग पायरीवरून भिंतीला लागून खिडकीखाली.

तिने कागदावर सगळं उतरवलं आणि बराच वेळ बघत राहिली. सरळ चालत आलं असतं तर टाकीवरून खिडकी जवळ होती. हे एवढा वळसा घालून का आलं? उन्हासाठी म्हणावं तर फाटकाजवळ ऊन होतं, ते सोडून सावलीत कशाला यायचं? ओलीसाठी म्हणावं तर टाकी सोडायचं कारणच नव्हतं.

आतून मशीनचा आवाज येत होता. टरटर, थांबणं, पुन्हा टरटर. आवाज खिडकीतून येत होता.

धाकटीने कागद खाली ठेवला. ती आत गेली.

"ताई, त्या वेळी, म्हणजे सुरुवातीला, तू फाटकाशी खुर्ची टाकून बसायचीस ना?"

ताईने मशीन थांबवलं नाही. "बसायचे. गाडी आली की उठायचे."

"आणि मग?"

"मग यंत्रं परत गेल्याचं कळलं. त्यानंतर काय फाटकाशी बसायचं? पायरीवर बसून राहायचे. आत यायला नको वाटायचं."

"आणि मशीन या खिडकीशी कधी हलवलंस?"

आता मशीन थांबलं. ताईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. घाबरलेली नव्हती. उलट, आपली गोष्ट कुणाला तरी एकदाची कळली याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

"तुलाही दिसलं म्हणायचं," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच वेड लागलंय."

धाकटीने सरांचे शब्द उसने घेतले. मोकळी माती असेल, तू जिथे बसतेस तिथे चहाचं, पाण्याचं सांडत असेल, झाडाला तेवढं पुरतं. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल तसंही," ती म्हणाली आणि कोटाची बाही उलटी करून अस्तर उसवायला लागली. तेव्हा कुठे धाकटीच्या लक्षात आलं की तो कोट गिऱ्हाइकाचा नव्हता. भाऊजींचा होता, डोंगरावर घालायचा, जाड कापडाचा. घरी धुवायला राहिला होता म्हणून वाचलेला.

"हा कशाला उसवतेस?"

"अस्तर विरलंय. नवं घालते."

धाकटीने सरांना नकाशाचा फोटो पाठवला. खुर्चीचं, पायरीचं काही सांगितलं नाही. सर खूश झाले. त्यांनी लगेच पुढची चित्रं मागितली, विशेषतः फांदीचं टोक, मोठं करून. ती त्या कामाला लागली. टोकावर भिंग धरलं तेव्हा दिसलं की ते गुळगुळीत नाही. अतिशय बारीक रेषा होत्या त्यावर, वळणावळणाच्या, एकात एक गेलेल्या. तिने आपला अंगठा शेजारी धरून पाहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. जसं आहे तसं काढायचं, दुसरं काही तिला येतच नव्हतं. रेषा काढताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटून तिने दोनदा वळून पाहिलं. मागे फक्त अंगण होतं आणि खुंटांची रांग.

त्यानंतरचे काही दिवस तिने ताईवर लक्ष ठेवलं. ताई झाडाशी बोलत नव्हती, त्याला हात लावत नव्हती. फक्त खिडकी कधी बंद करत नव्हती. एकदा धाकटीने वारा येतो म्हणून तावदान लावलं, तर ताईने उठून उघडलं. "टोक चेंगरेल," एवढंच म्हणाली. धाकटीने बघितलं तर खरंच, एक फांदी गजातून आत आली होती. पानं गळालेली, टोक फिकट. खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेलं, पण दगडावर मूळ कसं धरणार म्हणून पुढे लोंबत होतं.

"ताई, हे मी बाहेर काढते."

"तुझे सर म्हणालेत ना, हात लावायचा नाही?"

"डहाळी तोडू नकोस म्हणालेत. बाहेर काढायला काय हरकत आहे?"

"राहू दे गं. काय खातंय का तुला?"

त्या दिवशी धाकटीने सरांना सांगून टाकलं की मला हे काम पुरे झालं, मी परत येते. सरांनी कारण विचारलं. ताईची तब्येत, असं काहीतरी ती बोलली. सर म्हणाले, "फक्त मुळाचं एक चित्र कर आणि ये. ते राहिलंय."

मुळाचं चित्र काढायला तिला मुळं उघडी करणं भाग होतं. दुपारी ती खिडकीखालची माती हलक्या हाताने बाजूला करत बसली होती. आत मशीन चालू होतं. मग थांबलं. एरवी थांबलं की थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचं. या वेळी झालं नाही. ऊन सरकलं, माती गार व्हायला लागली, तरी आतून आवाज नाही. धाकटी उठली आणि खिडकीतून डोकावली.

ताई मशीनवर डोकं टेकून झोपली होती. भाऊजींचा कोट तिने उशीसारखा हाताखाली घेतला होता. वेणी खांद्यावरून कोटावर पडली होती. आणि गजातून आत आलेली फांदी आता लोंबत नव्हती. ती ताणली गेली होती. कट्ट्यावरून मशीनच्या पाटावर, तिथून कोटाच्या उसवलेल्या शिवणीतून अस्तराच्या आत.

धाकटी दारातून धावत आली. कोटाची बाही तिने उचलून पाहिली. ती उचलली जाईना. अस्तर आणि कापड यांच्या मधे पांढऱ्या, केसाहून बारीक मुळांचं जाळं पसरलं होतं. पाठीतून बाहीत, बाहीतून मनगटाच्या घडीपर्यंत. मुळांनी कोट आतून भरला होता. रिकामी बाही फुगून गोल झाली होती आणि ती बाही ताईच्या पाठीवर होती.

"ताई."

ताई हलली नाही. श्वास मात्र शांत, खोल चालला होता. धाकटीने तिचा खांदा धरून तिला उठवायला पाहिलं, तेव्हा ताईचं डोकं मागे ओढलं गेलं. मुळं वेणीत शिरली होती. पेडापेडांतून विणली गेल्यासारखी, मानेपासून बोटभर अंतरावर पोचलेली.

ओढ बसल्यावर ताईने डोळे उघडले. तिला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. तिने हात मागे नेऊन वेणी चाचपली.

धाकटीने टेबलावरून छोटी कात्री उचलली होती. फांदी तिने डाव्या मुठीत धरली. फांदी ऊबदार होती. सालीखाली काहीतरी हळू, ठरल्या ठेक्यात सरकत असल्याचं तिच्या तळव्याला जाणवलं.

"ती कापू नकोस," ताई म्हणाली.

"ताई, तुझ्या केसांत मुळं गेलीत."

"दिसतंय मला. तरी ती कापू नकोस. जगात एवढीच उरलीय, तूच म्हणालीस ना?"

"मग काय करू मी? अशीच बसून राहणार आहेस का?"

ताईचा एक हात कोटाच्या बाहीवर होता. ती बाहीवरून हात फिरवत होती, जसा माणूस झोपलेल्याच्या दंडावरून फिरवतो. धाकटीला वाटलं, ही आता हो म्हणेल. अशीच बसते म्हणेल. आणि मग आपण काय करणार?

"दीड वर्ष मी म्हणत होते, एकदा येऊन जा," ताई म्हणाली. कुणाशी बोलत होती ते सांगणं कठीण होतं. "फक्त एकदा. एवढंच म्हणत होते मी. राहा म्हणाले नव्हते."

मग तिने मशीनच्या खणातून आपली मोठी कात्री काढली, जाड कापड बेतायची. वेणी डाव्या हातात घट्ट धरली आणि मानेच्या वर, मुळं जिथे संपत होती त्याच्याही वर, एका दमात कापली. कात्रीला जोर लागला. करकर असा आवाज आला. वेणी कोटावर पडली आणि ताईचं डोकं सुटून पुढे आलं.

ती उठून उभी राहिली. केस कानांभोवती वेडेवाकडे पसरले होते. तिने खाली पाहिलं. पाटावर कोट पडला होता, त्याच्यावर तिची वेणी, आणि मुळं अजून वेणीच्या कापलेल्या टोकाकडे सरकत होती. इतकी सावकाश की बघत राहिल्याशिवाय कळू नये. दोघी बहिणी बघत राहिल्या.

पहिल्यांदाच ताईच्या अंगावर काटा आलेला धाकटीने पाहिला.

"चल," ताई म्हणाली. "मला इथून ने."

त्यांनी मशीनसुद्धा घेतलं नाही. एका पिशवीत कपडे, दुसरीत धाकटीची चित्रं. फाटक ताईने स्वतः लावलं. बसमध्ये ती खिडकीकडे न बसता आतल्या बाजूला बसली आणि धाकटीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. भाऊजी गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

सरांना धाकटीने काय सांगितलं आणि काय नाही, हा प्रश्नच उरला नाही. ते स्वतः जाऊन बघून आले. परत आल्यावर त्यांनी कोटाबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "तुझी ताई बरी आहे ना?" आणि ती बरी आहे म्हटल्यावर भिंगाची काच बराच वेळ पुसत बसले. पुढे त्यांच्या खटपटीने संग्रहालयाने ते घर ताब्यात घेतलं, अंगणाला जाळी बसवली. रांगणी कुणी हलवली नाही. खोलीत शिरलेली ती तशीच वाढू दिली. धाकटीची चित्रं छापून आली. पान, खोड, फांदीचं टोक. मुळाचं चित्र तिने केलं नाही आणि सरांनी मागितलं नाही.

ताई आता धाकटीकडेच राहते, वरच्या मजल्यावर. खाली सगळं फरसबंद आहे, मातीचा एक चौकोनही नाही. ती एका दुकानात कोट बेतायचं काम करते. केस खांद्यापर्यंत आलेत, त्याहून वाढू देत नाही. घरात एकही कुंडी नाही. धाकटीने एकदा पुदिन्याची काडी पेल्यात ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी दिसली नाही, आणि धाकटीने विचारलंही नाही.

वर्षातून एकदा धाकटीला त्या घरी जावं लागतं. वाढ किती झाली, फूल आलं का, ते बघायला. फूल अजून आलेलं नाही. यंदा ती गेली तेव्हा खिडकीची खोली रिकामी होती. आत नुसते खुंट होते, पोकळ, राखी, आणि कोटाचं उरलंसुरलं कापड. झाड दारातून बाहेर पडून पायरी उतरलं होतं, फाटकाशी आलं होतं. एक फांदी जाळीखालून पलीकडे गेली होती आणि तिच्या टोकाने खडीत मूळ धरलं होतं.

धाकटीने ते काढलं. जसं होतं तसं काढलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताई जमिनीवर बसून एका बाहीला काजं करत होती. तिने मान वर केली नाही.

"जगलंय का?"

"जगलंय. छान वाढलंय."

सुई कापडातून आत गेली, बाहेर आली.

"कुठल्या बाजूला?"

धाकटी चपला काढता काढता थांबली. खोटं बोलायचं तिच्या मनात होतं. येताना बसमध्ये तिने ते जुळवूनही ठेवलं होतं. पण ताई आता तिच्याकडेच बघत होती.

"रस्त्याच्या," ती म्हणाली. "इकडच्या बाजूला."

ताईने मान हलवली. दोरा दातांनी तोडला, सुई टाचण्यांच्या गादीत टोचून ठेवली. "पुढच्या वेळी मीपण येते," ती म्हणाली. "त्याला सांगायला हवं. मी न सांगता निघून आले."

धाकटीने गॅस पेटवला आणि चहाला पाणी ठेवलं. खालच्या फरसबंदीवरून कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं. दोघींनी चहा घेतला, आणि ताई उरलेली काजं करायला बसली.